वरचा मजला : साखळीतल्या एका पुस्तकदुकानाचं प्रकरण

आधी एक खुलासा. दुकानाचं, कंपनीचं, जागामालकाचं किंवा कुणा सहकाऱ्याचं नाव इथे दिलेलं नाही. भाड्याचे आणि विक्रीचे आकडे ओळख लपवण्यासाठी थोडे हलवून ढोबळ केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच आहे. मी या दुकानात २००९ पासून शेवटच्या दिवसापर्यंत होते. आधी मराठी विभाग सांभाळायचे, शेवटची दोन वर्षं शाखा. त्यामुळे खाली जिथे चुका लिहिल्या आहेत, त्यातल्या काही माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

२००८ च्या दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या पश्चिम भागात हे दुकान उघडलं. देशभर शाखा असलेल्या कंपनीचं, दोन मजली. खाली ३,००० चौरस फूट, वर २,५००. दोन्ही मजल्यांना जोडणारा लाकडी जिना दुकानाच्या आतच होता. तो जिना दिसायला फार सुंदर होता. पुढे त्यानंच घोटाळा केला, म्हणून आत्ताच त्याचा उल्लेख करून ठेवते.

तोवर बहुतेक पुणेकरांच्या लेखी पुस्तकाचं दुकान म्हणजे काउंटर. अप्पा बळवंत चौकात तुम्ही काउंटरच्या अलीकडे, पुस्तकं पलीकडे. नाव सांगायचं, की मुलगा शिडीवर चढून गठ्ठ्यातून बरोबर तेच काढून देणार, वर न मागता दहा टक्के सूट. लोक तिथे यादी घेऊन जातात आणि त्या कामाला ती पद्धत चोख आहे. निवांत हिंडत पुस्तकं बघायची दुकानंही होती. कॅम्पातलं मॅनीज त्यातलं जुनं आणि नावाजलेलं, पण अशी दुकानं मोजकीच. आमच्याकडे एसी, बसायला स्टूल, कोपऱ्यात कॉफी, आणि दोन तास वाचत बसलं तरी कुणी 'काय हवंय?' म्हणून हटकणार नाही, ही नवलाई होती. पहिल्या वर्षी एक आजोबा रोज अकराला येऊन एकच जाडजूड चरित्र आठवडाभर वाचत होते. खूण म्हणून बसचं तिकीट ठेवून जायचे. आठव्या दिवशी त्यांनी ते विकत घेतलं आणि म्हणाले, "आता शेवट घरी वाचतो."

आम्ही उघडलो त्याच्या बरोबर वर्षभर आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, बंगळुरूत फ्लिपकार्ट सुरू झालं होतं आणि सुरुवातीला ते फक्त पुस्तकंच विकत होतं. उद्घाटनाच्या दिवशी आमच्यापैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं.

आता जागेचा करार. नऊ वर्षांचा, दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, पहिली तीन वर्षं दोघांनाही सोडता येणार नाही. सुरुवातीचा दर चौरस फुटाला ८० रुपये, म्हणजे महिन्याला ४ लाख ४० हजार. २०११ पासून ५ लाख ६ हजार. २०१४ पासून सुमारे ५ लाख ८२ हजार. पुस्तकं, स्टेशनरी, खेळणी सगळं मिळून आमच्या हातात सरासरी ३५ टक्के राहायचे. या हिशेबानं २०१४ नंतर नुसतं भाडं निघायला महिन्याला १६ लाख ६३ हजारांची विक्री लागत होती. सरासरी ३५० रुपयांचं पुस्तक धरलं, तर रोज १५८ पुस्तकं निव्वळ भाड्याची. पगार, वीज, कर सगळं त्याच्यापुढे.

पुस्तकावर किंमत छापलेली असते, हे या धंद्याचं वैशिष्ट्य. भाजीवाला किंवा कपडेवाला भाव वाढवून भाडं वसूल करू शकतो. आमच्या खर्चाचे सगळे आकडे दर तीन वर्षांनी वर जायचे आणि विक्रीची किंमत मात्र आमच्या हातात नव्हती.

अडचण

पहिली तीन वर्षं छान गेली. पण त्याच काळात, २०१० मध्ये, फ्लिपकार्टनं माल घरी आल्यावर पैसे द्यायची सोय केली. कार्ड नसलेले, ऑनलाइन पैसे भरायला घाबरणारे लोक एकदम त्या बाजूला वळले. जून २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात आलं, तेही पुस्तकं आणि चित्रपटांपासूनच. ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लिपकार्टचा तो गाजलेला एकदिवसीय महासेल झाला. त्या दिवशी आमच्या खालच्या मजल्यावर एरवीच्या सोमवारी दुपारी असतं तेवढंही गिऱ्हाईक नव्हतं.

किमतीचं गणित सरळ आहे. ४९९ रुपये छापील किंमत असलेलं इंग्रजी पुस्तक वितरक आम्हाला ४० टक्के सवलतीनं द्यायचा, म्हणजे आम्हाला ते ३०० ला पडायचं. ऑनलाइन ते ३२० ला घरपोच मिळायचं. जवळपास आमच्या खरेदीच्या किमतीत ते लोकांच्या दारात जात होतं, आणि हे तोट्यात विकणं परवडावं म्हणून त्यांच्यामागे गुंतवणूकदारांचा पैसा उभा होता. आमच्यामागे जागामालक उभा होता.

एका शनिवारी कॉलेजातल्या दोन मुली पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो काढत होत्या. मी जवळ गेले, तर त्यातली एक अगदी निरागसपणे म्हणाली, "ताई, तुमच्याकडे बघायला बरं पडतं. ऑर्डर आम्ही घरी जाऊन करतो." मला राग आला. त्याच आठवड्यात मी 'कृपया छायाचित्रे काढू नयेत' अशी पाटी छापून घेतली. या पाटीबद्दल पुढे सांगते.

मुख्य कार्यालयाला तेव्हा धास्ती ई-पुस्तकांची होती. २०१२ मध्ये किंडल भारतात मिळू लागल्यावर आम्हाला मुंबईला बोलावून दोन दिवस त्यावरच व्याख्यानं दिली. आमच्या काउंटरवरून जे दिसत होतं ते वेगळं होतं. ज्याला कुठलं पुस्तक हवं हे आधीच माहीत असतं, तो गिऱ्हाईक सर्वांत आधी गेला, आणि तो कागदाचंच पुस्तक घेत होता, फक्त दुसरीकडून. काय हवंय ते माहीत नसलेला, हिंडता हिंडता काहीतरी सापडेल म्हणून येणारा माणूस आमच्याकडे बराच काळ टिकला. खरं तर दुकानाची रचना त्याच्यासाठीच होती. पण आमची सगळी धडपड चालली होती ती गेलेल्याला सवलतीनं परत आणण्याची.

पुढे हिंडणाराही कमी झाला, पण वेगळ्या कारणानं. पूर्वी शनिवारी संध्याकाळी पाऊण तास मोकळा असला की माणूस दुकानात शिरायचा. आता तो पाऊण तास फोनमध्ये जातो, आणि कुठलं पुस्तक चांगलं हेही त्याला तिथेच कळतं.

आधीचे तीन निर्णय

२०१६ मध्ये दुकान चालवायचं की नाही हा प्रश्न समोर आला, पण तोवर तीन निर्णय होऊन गेले होते आणि त्यांनी हात बांधले गेले होते.

पहिला खेळण्यांचा. २०१३ मध्ये तळमजल्याचा जवळजवळ अर्धा भाग खेळणी, पाण्याच्या बाटल्या, दप्तरं, मग यांना दिला. खेळण्यांवर मार्जिन जास्त, आणि चौरस फुटामागे विक्री काढली की कागदावर ते कायम पुस्तकांच्या वर. त्याच मोजपट्टीवर मराठी पुस्तकं सर्वांत खाली. २०० रुपयांचं मराठी पुस्तक आणि ६०० रुपयांचं इंग्रजी पुस्तक शेल्फवर सारखीच जागा अडवतं, हे उघड आहे. मराठी विभाग वरच्या मजल्यावर, मागच्या भिंतीला, शौचालयाच्या बोळाजवळ गेला. नेहमीच्या एका बाई वर आल्या, धापा टाकत म्हणाल्या, "अहो, मला वाटलं बंदच केलंत मराठी." खेळण्यांनी दोन वर्षं आकडे सावरले, हे नाकारत नाही. पण खेळणीही लवकरच ऑनलाइन स्वस्त मिळू लागली, आणि मग आमच्याकडे ना धड खेळण्यांचं दुकान राहिलं, ना धड पुस्तकांचं.

दुसरा निर्णय केंद्रीय खरेदीचा, २०१४ मधला. सगळ्या शाखांची खरेदी मुंबईतून होऊ लागली. मोठ्या इंग्रजी प्रकाशकांकडून जास्त सवलत मिळवायला ते सोयीचं होतं. मराठीत त्यानं वाट लावली. आमच्याकडे लहान प्रकाशक स्कूटरला गठ्ठा लावून स्वतः यायचे. पाच प्रती ठेवायच्या, संपल्या की फोन. नव्या संगणकात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, आणि बारकोड नसेल तर पुस्तक चढतच नव्हतं, आणि लहान प्रकाशकांच्या कितीतरी पुस्तकांवर बारकोड नसायचा. त्यात बिलाचे पैसे पूर्वी दीड-दोन महिन्यांत निघायचे, ते सहा-सहा महिने अडकू लागले. हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या माणसाला सहा महिने थांबणं परवडत नाही. एकेक करून ते यायचे बंद झाले. एकानं जाताना मला सांगितलं, "मॅडम, तुमच्या दुकानात पुस्तक दिसलं की बरं वाटतं. पण बरं वाटण्यावर छपाईचं बिल भागत नाही."

दिवाळी अंकांचं तर हसं झालं. शंभर वर्षांहून जुनी ही परंपरा. वर्षातून तीन आठवडे एरवी पुस्तकाकडे न फिरकणारं घरही चार अंक घेतं. मुंबईच्या यादीत दिवाळी अंक 'नियतकालिकं' या सदरात बसले आणि त्या सदराचा माल महिन्यातून एकदाच निघायचा. त्या वर्षी आमचे अंक भाऊबीज उलटून गेल्यावर पोचले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. दोन खोके न फोडता परत गेले.

तिसरा निर्णय ऑनलाइन विक्रीचा. कंपनीची स्वतःची वेबसाइट होती, अडखळत चालणारी. तीवर खर्च करण्याऐवजी ती गुंडाळून कंपनी एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर विक्रेता म्हणून उभी राहिली. सकाळी आम्ही शेल्फवरून पुस्तकं काढून पाकिटं भरायचो. कमिशन आणि पाठवणीचा खर्च वजा जाता एका पुस्तकामागे चहाचे पैसे उरत. शिवाय गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, आवड सगळं त्या बाजाराकडे जायचं. आमच्या हातात फक्त पाकिटं. अमेरिकेतल्या बॉर्डर्स या साखळीनं २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री चक्क ॲमेझॉनकडे सोपवली होती आणि २००८ मध्ये ती परत स्वतःकडे घेतली, तोवर उशीर झाला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, त्याच सप्टेंबरात शेवटची दुकानं बंद. ही गोष्ट आमच्या निर्णयाच्या वेळी तीनच वर्षं जुनी होती. बॉर्डर्स फक्त यामुळे बुडाली असं नाही. कर्ज होतं, जास्त दुकानं होती, लांबचे करार होते. पण दुकानाची एक बाजू प्रतिस्पर्ध्याच्या हाती देण्याचा धडा समोर होता आणि आम्ही तो वाचला नाही. पुस्तकं विकणाऱ्यांनी!

पर्याय

२०१६ च्या मे महिन्यात विभागीय प्रमुख आले. महिन्याची सरासरी विक्री १९ लाखांवर आली होती. तिच्यावर मार्जिन ६ लाख ६५ हजार. भाडं, १ जूनपासून लागू होणाऱ्या १५ टक्के सेवाकरासकट, ६ लाख ६९ हजार. म्हणजे जे मिळत होतं ते सगळं, वर चार हजार घालून, जागेलाच जात होतं. १४ माणसांचे पगार आणि एसीचं बिल मुंबईहून यायचं. करार संपायला सव्वा वर्ष उरलं होतं.

टेबलावर पाच पर्याय होते. सवलत वाढवून ऑनलाइनशी भाव जुळवायचे, हा पर्याय दहा मिनिटांत निकालात निघाला. खरेदीच्या भावात विकून भाडं कसं भरणार? खेळणी वरच्या मजल्यावरही न्यायची, हा मुख्य कार्यालयाच्या आवडीचा. शाखा स्थानिक व्यावसायिकाला फ्रँचायझीनं द्यायची, हा तिसरा. एक गृहस्थ येऊन बघूनही गेले, पण त्यांना पाटी हवी होती, पुस्तकं कमीत कमी. चौथा म्हणजे करार संपताच बंद करायचं.

पाचवा मी मांडला : वरचा मजला सोडायचा, खाली ३,००० फुटांत फक्त पुस्तकं ठेवायची आणि निवड शाखेच्या हाती द्यायची. माझं गणित असं होतं. खालच्या मजल्याचं भाडं करासकट ३ लाख ६५ हजार. विक्री एक चतुर्थांशानं घटून सव्वाचौदा लाखांवर येईल असं धरलं, तर मार्जिन जवळपास पाच लाख. उरलेल्या १ लाख ३४ हजारांत सहा माणसं आणि वीज. नफा नाही, पण हातातोंडाची गाठ पडली असती.

हे मी हवेत बोलत नव्हते. ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्स या साखळीत २०११ पासून जेम्स डॉन्ट यांनी हेच केलं होतं. कुठलं पुस्तक कुठे मांडायचं हे शाखेनं ठरवायचं, आणि दर्शनी टेबलावर पुस्तक ठेवण्यासाठी प्रकाशकांकडून पैसे घेणं बंद. ती साखळी बुडता बुडता सावरली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलनं त्यांनाच बोलावलं. विभागीय प्रमुखांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तिकडचं इकडे चालत नाही. पण सहा महिने मराठीपुरतं करून दाखवा."

काय केलं

अनंत चतुर्दशी होताच सुरुवात केली. मराठी विभाग वरून खाली, दारातून आत शिरताच डावीकडे आणला. मी आणि एक सहकारी, आपण त्याला 'सदाशिव पेठ' म्हणू कारण तो तिथलाच, जुन्या प्रकाशकांच्या घरी गेलो. चाळीसेक जणांशी बोललो. तीस दिवसांत चेक, बारकोड आम्ही चिकटवू, पाच प्रतींपासून घेऊ. निम्म्यांनी लगेच होकार दिला. बाकीच्यांना मागचं बिल आधी हवं होतं आणि त्यांचं चुकत नव्हतं.

दिवाळी अंक या वेळी आम्ही स्वतः जाऊन रिक्षातून आणले. प्रत्येक अंकातला एक लेख वाचून सदाशिव पेठ त्यावर हातानं चिठ्ठी लिहायचा. 'पान ८४ वरची कथा आधी वाचा' एवढंच. लोक ती चिठ्ठीसुद्धा घरी न्यायचे.

'फोटो काढू नयेत' ही पाटी काढली. उलट दाराशी फळा लावला : हवं ते पुस्तक नसेल तर व्हॉट्सॲप करा, तीन दिवसांत आणून ठेवू. दोन महिन्यांत तीनशे नंबर जमले. पाटी लावली तेव्हा मला वाटायचं, हे लोक आमचं चोरतायत. फळा लावल्यावर कळलं, की फोटो काढणाऱ्यातले बरेच जण तो नवऱ्याला, बहिणीला, मुलाला विचारायला पाठवतात : हे घेऊ का? तीन वर्षं मी दुकानातच त्यांची विक्री थांबवत होते.

आणि मग ८ नोव्हेंबर. नोटाबंदी. पहिले दोन आठवडे आमच्याकडे गर्दी वाढली, कारण आमच्याकडे कार्ड चालायचं आणि रोखीच्या दुकानांत लोकांची अडचण होत होती. डिसेंबरात मात्र सगळंच थंडावलं. प्रयोगाचा निकाल त्यामुळे गढूळ झाला. कुठला आकडा आमच्या कामाचा आणि कुठला नोटांचा, हे वेगळं काढता येईना.

निष्पत्ती

सहा महिन्यांत मराठीची महिन्याची विक्री १ लाख ४० हजारांवरून २ लाख ९० हजारांवर गेली. दुपटीहून जास्त. आम्ही खूश. मुख्य कार्यालयानं तोच तक्ता वाचला आणि म्हटलं, दीड लाख वाढले, त्यातले मार्जिनचे पन्नास-बावन्न हजार, आणि खड्डा त्याच्या कितीतरी पट. दोघांचंही वाचन बरोबर होतं, हेच त्यातलं अवघड. मराठी विभागानं ५,५०० फुटांचं भाडं कधीच फेडलं नसतं. छोटं दुकान त्यानं कदाचित तारलं असतं, पण छोटं दुकान आमच्यापुढे नव्हतंच.

कारण २०१७ च्या उन्हाळ्यात जागामालकांशी बोलणी झाली. त्यांनी चौरस फुटाला १२० रुपये मागितले. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार होता आणि भाड्यावर १८ टक्के. म्हणजे ७ लाख ७९ हजार. यात एक गंमत आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही वाचकासाठी चांगलीच गोष्ट. पण पुस्तकांवर कर नाही म्हणून भाड्यावर भरलेल्या कराची वजावटही त्या विक्रीपुरती मिळत नाही. खेळण्यांवर कर आहे, म्हणून खेळण्यांच्या वाट्याची वजावट मिळते. पुस्तकं जितकी जास्त ठेवाल तितकं भाडं महाग पडतं. कुणी मुद्दाम केलेलं नसेल, पण आमच्या हिशेबनिसानं हे समजावलं तेव्हा बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही.

कंपनीनं विक्रीच्या १२ टक्के भाडं देऊ केलं. मालकांनी नाकारलं. मी वरचा मजला सोडायची गोष्ट काढली, तर ते म्हणाले, "घेताना दोन्ही घेतलेत, सोडताना दोन्ही सोडा. वरच्याला बाहेरून जिनाच नाही, तो मी कुणाला देऊ?"

ऑगस्टमध्ये बंद करायचं ठरलं. साफसफाईच्या सेलला ५० टक्क्यांची पाटी लागली आणि नऊ वर्षांत पाहिली नव्हती अशी रांग रस्त्यापर्यंत गेली. लोक पिशव्या भरून नेत होते आणि गल्ल्यावर आम्हाला सांगत होते, किती वाईट वाटतंय. एका गृहस्थांनी तर दुकान का बंद होतंय यावर मला दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांच्या बगलेत ऑनलाइन आलेल्या पुस्तकाचं खाकी पाकीट होतं. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आता येतं.

परतीच्या बोलीवर घेतलेली इंग्रजी पुस्तकं वितरकांकडे गेली. प्रयोगात विकत घेतलेली मराठी परत जाण्यातली नव्हती, ती सेलमध्येच संपली. १४ जणांपैकी चौघांना दुसऱ्या शाखांत घेतलं, तिघे मोबाइलच्या दुकानांत लागले, बाकीचे आपापल्या वाटेनं. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईच्या फोर्टमधलं १९४८ पासूनचं स्ट्रँड बंद झालं. ते साखळीतलं नव्हतं, निवड मालकाची होती, सवलत उदार होती, तरी. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या पाचव्या पर्यायावरचा माझा विश्वास थोडा हलला, हे कबूल करायला हवं.

सदाशिव पेठनं ते तीनशे नंबर जपून ठेवले होते. बंद झाल्यावर त्यानं त्या लोकांना निरोप पाठवला, राहत्या घरातल्या एका खोलीत मराठी पुस्तकं ठेवली आणि दर रविवारी दहा पुस्तकांची यादी, प्रत्येकावर दोन ओळी, असं सुरू केलं. भाडं नाही, एसी नाही, कुरिअरचा खर्च गिऱ्हाइकाचा. नाशिक, बेळगाव, बंगळुरूचे लोक त्याच्याकडून घेतात. त्याचं पोट त्यावर चालतं, बायकोच्या पगाराच्या जोडीनं.

वेगळं काय करता आलं असतं

काही गोष्टी कुणालाच टळल्या नसत्या. तोट्यात विकणाऱ्याशी भावानं लढता येत नाही, आणि यादीवाला गिऱ्हाईक परत आला नसता. यावर घातलेला प्रत्येक रुपया, सदस्यत्वाची कार्डं, 'दोनावर एक', सगळा वाया गेला. ते आम्ही २०१२ मध्येच थांबवायला हवं होतं.

एक दार मात्र उघडं होतं आणि आम्ही ते पाहिलंच नाही. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धापरीक्षांची मुलं खोल्या घेऊन राहतात, अभ्यासिकांत दिवस काढतात. ती मुलं पुस्तक हातात घेऊन, चाळून, नवी आवृत्ती आहे का ते बघून, आज लागतं म्हणून आजच घेतात. दुकानाला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं? मी दोनदा ही पुस्तकं ठेवायची मागणी केली. उत्तर आलं, गाइडं आपल्या प्रतिमेत बसत नाहीत. प्लास्टिकचे डायनोसॉर बसत होते.

खरेदी शाखेकडून काढून घेतली तेव्हा मी लेखी विरोध केला नाही. तोंडी कुरकुर केली. मुंबईला आमच्या दिवाळी अंकांचं महत्त्व कळलं नाही म्हणून मी वर्षानुवर्षं बोटं मोडली, पण त्याचा साधा तक्ता, किती खपतात, कधी खपतात, त्यांच्यासोबत दुसरं काय विकलं जातं, हा मी कधी पाठवला नाही. तो आमच्या संगणकात होता. प्रयोगाची परवानगी २०१६ ऐवजी २०१४ मध्ये मागितली असती तर वाट बघायला तीन वर्षं मिळाली असती, सहा महिने नव्हे.

पण सगळ्यांत मोठा निर्णय-बिंदू भाड्याचा होता, आणि तो आला तेव्हा कुणालाच तसा वाटला नाही. २०१४ मध्ये दुसरी भाडेवाढ व्हायची होती, तेव्हा जागामालक स्वतः आले होते. त्यांच्या नात्यातल्या एकाला क्लास काढायचा होता. वरचा मजला द्या, बाहेरून लोखंडी जिना मी माझ्या खर्चानं बांधतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मुख्य कार्यालयानं माझ्या तेव्हाच्या साहेबांचं आणि माझं मत मागवलं. साहेबांनी लिहिलं, ही आपली पुण्यातली मानाची शाखा आहे, ती लहान केली तर चुकीचा संदेश जाईल. मी खाली लिहिलं, 'सहमत'. मराठी विभाग नुकताच वर गेला होता, आणि मजला गेला तर विभागही जाईल अशी मला भीती होती. तो ईमेल माझ्याकडे अजून आहे. क्लासवाल्यांनी शेजारच्या इमारतीत जागा घेतली.

आम्ही सोडल्यावर खाली कपड्यांचं दुकान आलं. त्यांनी फक्त तळमजला घेतला. मालकांनी आतला लाकडी जिना काढून टाकला, बाहेरून लोखंडी बांधून घेतला, आणि तरीही वरचा मजला चौदा महिने रिकामा होता.